गुडघ्याची साक्ष

हिंगणघाट,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

चि. शाल्मलीस अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार, ईराला पापा. इकडे ठीक. वेणा नदीला पाणी चढलं आहे, आईनं तुझ्यासाठी लिंबाचं लोणचं बांधून ठेवलं आहे.

माझ्या गुडघ्याचं तू आईला फोनवर विचारतेस. मला विचारत नाहीस, तेही बरोबरच आहे.

पंधरा जूनपासून माझ्या सुया चालत नाहीत. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असताना मी पुस्तकांवरून अ‍ॅक्युपंक्चर शिकलो, कुणापुढे हात जोडले नाहीत. वाटीखाली चार बोटं, बाहेरच्या अंगाला, पाव मिलिमीटर जाडीची सुई, मशीनच्या तारेतून विजेचे सेकंदाला दोन ठोके, वीस मिनिटं. दहापैकी सात असलेलं दुखणं तीनवर यायचं. सहा वर्षांच्या नोंदी वहीत आहेत. आता आधी सात, नंतरही सात.

सुया बदलल्या. मशीनचा सेल बदलला. आई म्हणाली, "मशीन काऊन खोलून राह्यले? तोंड खोला आधी."

सुई टोचली की शरीर स्वतःच अफूसारखं द्रव्य सोडतं, त्याला एंडॉर्फिन म्हणतात, आणि त्यानं दुखणं दबतं, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलं आहे. तज्ज्ञांचं एकमत नाही, हेही लिहून ठेवतो. पण त्या द्रव्याची वाट अडवणारं औषध पोटात असलं, तर सुईचा गुण जाऊ शकतो.

तसलंच औषध मी पंधरा जूनपासून घेतो आहे. नालट्रेक्झोन, पन्नास मिलिग्रॅम, रोज सकाळी, आईसमोर. दारू सोडायची गोळी.

लिहिलं एकदाचं.

मार्चमध्ये ईराला कडेवर घेऊन जिन्यावर पडलो, तेव्हा गुडघ्यानं दगा दिला म्हणालो. पोरीच्या कपाळाला दोन टाके, आणि मी तुझ्यासमोर बसून गुडघ्याला सुया टोचत होतो. तू एवढंच म्हणालीस, "बाबा, गुडघ्याले वास येते का?" त्या दिवशी गुडघ्याचा काही दोष नव्हता.

अजून एक. जुलैत तीन दिवस गोळी जिभेखाली ठेवून थुंकली. सुयांसाठी, असं स्वतःला सांगितलं. दुखणं चारवर आलं. चौथ्या दिवशी पाय त्या गल्लीकडे वळले. जिल्ह्यात दारूबंदी असली तरी ती गल्ली सगळ्यांना ठाऊक आहे. कोपऱ्यावरून परतलो, आईला सांगितलं. ती म्हणाली, "दुखू द्या." तेव्हापासून गोळी घेतली की ती माझं तोंड उघडून बघते. पंचावन्नाव्या वर्षी! थकलो गं. सुया मात्र रोज लावतो, पडताळा म्हणून.

तेवीसला पोरांचा तान्हा पोळा. ईरासाठी ओढायचा सागवानी नंदीबैल केला आहे, चाकं दोनदा तपासली. घेऊन येजो तिले. माझ्या कडेवर देऊ नकोस. ती नंदी ओढत पुढे चालेल, मी मागून येईन.

मला काही विचारू नकोस. जिना चढताना फक्त बघ. लंगडत असलो, तर गोळी चालू आहे.

आज सकाळी, सुया काढल्यावर : सात.

तुझा
बाबा