रस्त्याकडचे कुंपण लाकडीच ठेवावे

माझे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता वकिलांनी पहिल्या पानावर टंकून दिला आहे. इथून पुढचे हस्ताक्षर माझे. मी धंद्याने पुस्तकबांधणी करणारा. शाळा सातवीत सुटली, त्यामुळे कुठे चुकले असेल तर अर्थ बघावा, अक्षर बघू नये. आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. झोप ठिकाणावर नाही, पण झोपेचा मृत्युपत्राशी संबंध येत नाही असे वकील म्हणाले. माझ्यावर कोणी जोर केलेला नाही. मुलगी एवढेच म्हणाली, "बाबा, एकदाचं लिहून टाका, सारखं घोकत बसू नका." त्याला जोर म्हणत नाहीत, हेही वकिलांना विचारून घेतले. याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन की तीन ते आठवत नाही. सापडतील ती फाडावीत.

कलम १. राहत्या घरात माझ्या पश्चात माझी पत्नी हयात असेपर्यंत राहील आणि घर तिच्याच ताब्यात असेल. तिला तिथून कोणी हलवू नये. "चल, चार दिवस हवापालट होईल," असे गोड बोलूनही हलवू नये. हे कोणासाठी लिहिले ते मुलाला कळेल. त्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे, चांगला आहे, पण लिफ्टमधून उतरून ती जाणार कुठे? तिच्यानंतर घर मुलगा आणि मुलगी यांचे, निम्मे निम्मे.

कलम २. बँकेत जे असेल ते सगळे पत्नीचे. व्यवहार मुलीने बघावा.

कलम ३. बांधणीचा लोखंडी दाब, मोठी कातर, दाभणे आणि सरसाचे भांडे छापखान्यातल्या माझ्या जुन्या जोडीदाराला द्यावे. त्याला आम्ही सगळे 'सुस्कारा' म्हणायचो, कारण प्रत्येक पान दुमडताना तो सोडायचा. घडी दाबायची माझी हाडाची पट्टी त्याने नेली ती परत आणली नाही. आता मागू नये. बाकीची हत्यारे गेली की संच तरी पूर्ण होईल.

कलम ४. माझे कपडे कोणाला होणार नाहीत. त्याची चिंता करू नये. मी बरीच केली आहे.

कलम ५. कुंपण. खरे म्हणजे याच्यासाठीच हे सगळे लिहितो आहे.

घराभोवतीचे लाकडी कुंपण जुने झाले आहे. मागच्या बाजूचे खांब वाळवीने पोखरले. दरवर्षी घासा, तेल लावा, फळी बदला, आणि आता माझे खांदे वर जात नाहीत. नवे कोणते घालावे यावर घरात दोन वर्षे बोलणे चालू आहे. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, प्लॅस्टिकचं ते व्हायनिल लावा आणि विसरून जा. पाण्यानं धुतलं की झालं." मुलगी म्हणायची, "आईच्या हातात दर आठवड्याला कुसळ जातं. ते चिमट्यानं कोण काढतं? मी. तुम्ही नुसते बाजूला उभे राहून हळू, हळू म्हणता." दोघांचेही खरे होते. मलाही व्हायनिलच हवे होते, कारण मी थकलो आहे.

पत्नीची दृष्टी गेली त्याला आता बराच काळ झाला. तरी कोपऱ्यावरच्या दुकानात ती रोज एकटी जाते, एकटी येते. येताना डावा हात कुंपणावर असतो. कुठली फळी कुठे आहे ते तिला पाठ आहे. एक गाठीची, एक खरबरीत, एकीवर खिळ्याचे डोके वर आलेले. फाटकाच्या अलीकडची शेवटची फळी मधोमध चिरली आहे आणि हात गेला की चिमटा काढते. तिला ती 'सासूबाई' म्हणते. सासूबाईंनी चिमटा काढला की फाटक आले.

व्हायनिलवाल्याने फाटकाजवळच्या चार फळ्या काढून तिथे नमुन्याचा एक भाग फुकट बसवून दिला. मी त्याला विचारले, उन्हाने पिवळे पडेल का, थंडीत तडकेल का. तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही नसाल तरी हे असेल." ही हमी मला फारशी आवडली नाही. पण दिसायला छान होते. पत्नीला घरातच हात लावायला एक तुकडा दिला, तर म्हणाली, "गुळगुळीत आहे. बरं आहे."

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून परतताना मी खिडकीत उभा होतो. हात फळ्यांवरून नमुन्यावर आला, तशी ती थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग आपले फाटक ओलांडून सरळ शेजारच्या लेखापालांच्या फाटकातून आत गेली, चपला काढल्या आणि त्यांच्या खुर्चीत बसली. मला हाक मारायला सुचले नाही. लेखापाल बाहेर आले आणि म्हणाले, "वहिनी, बसा, चहा टाकतो. पण पिशवी आत नेऊ नका, दूध तुमच्या घरचं आहे." ती हसली. चहा पिऊन त्यांच्या हाताला धरून घरी आली. दाराशी मला म्हणाली, "घर हलवलंत का हो?" ती हेही हसतच म्हणाली. पण पुढचे तीन दिवस दुकानात गेली नाही. पाय दुखतो म्हणाली. पाय दुखत नव्हता.

मी नमुना काढायला लावला आणि जुन्या फळ्या होत्या त्या क्रमाने परत बसवून घेतल्या. चौथ्या दिवशी ती गेली.

म्हणून लिहितो की मागचे आणि दोन्ही बाजूंचे कुंपण व्हायनिलचे घालावे, मुलाच्या मनाप्रमाणे. रस्त्याकडचे मात्र पत्नी हयात असेपर्यंत लाकडीच ठेवावे. फळी कुजली तर एका वेळी एकच बदलावी, आणि बदलल्यावर तिला आधी हात लावू द्यावा. सगळ्या एकदम बदलू नयेत, मजुरी वाचते म्हणूनही नाही. सासूबाईंना हात लावू नये. हे न करता तिला मोठ्या घरात ठेवले, बाई लावली, गाडीतून दुकानात नेले, तरी माझी इच्छा पाळली असे मी धरणार नाही.

ता. क. लेखापालांकडे माझी शिडी आहे. पत्नीला त्यांनी घरी आणून सोडले, तेव्हा शिडी त्यांचीच समजावी.

कलम ६. या कुंपणाची देखभाल मी जावयाकडे देतो. मुलाला राग येईल. येऊ दे, तो लांब राहतो. जावई बस चालवतो. सुट्टीच्या दिवशी येतो, खुर्चीवर पाय वर घेऊन बसतो आणि चहा आवाज करून पितो. ते मला अजूनही खपत नाही. पण कुसळांचा बंदोबस्त त्यानेच केला. तो कापसाचा बोळा फळीवरून फिरवतो. जिथे तंतू अडकतो तिथेच घासतो, बाकी लाकूड जसे आहे तसे राहू देतो. चिरलेल्या फळीशी आला तेव्हा त्याने आत येऊन पत्नीला विचारले, "तुमच्या सासूबाईंच्या कडा थोड्या मोडू का?" ती म्हणाली, "थोड्याच. सवयी मोडू नका." तेव्हापासून मुलीचा चिमटा पेटीतच आहे. घासायचे कागद, तेलाचा डबा आणि कुंचले त्याला द्यावेत. ही कुठली इस्टेट नव्हे हे मला कळते. पण माझ्याकडचे जे मला दुसऱ्याच्या हाती द्यायला भीती वाटते ते हेच आहे.

एवढे लिहून मी आज सकाळी दोन्ही साक्षीदारांसमोर, म्हणजे कोपऱ्यावरचे दुकानदार आणि औषधाच्या दुकानातल्या बाई यांच्यासमोर, सगळे मोठ्याने वाचले. पत्नी शेंगा सोलत ऐकत होती. वाचून झाले तेव्हा तिने विचारले, "झालं?"

"झालं," मी म्हटले.

"आणि मी आधी गेले तर?"

दुकानदार टोपी हातात फिरवू लागले. हे वकिलांनी मला विचारले नव्हते. वाळवी, ऊन, खिळे, मुलाचा राग, या सगळ्याची काळजी मी करून ठेवली, आणि प्रत्येक काळजीत मी गेलेलो होतो आणि ती दुकानातून परत येत होती.

"लिहा काहीतरी," ती म्हणाली. "माणसं खोळंबलीत."

कलम ७. पत्नी माझ्या आधी गेली तर कलम ५ आणि ६ रद्द समजावीत. रस्त्याच्या बाजूलाही व्हायनिल लावावे. रंग कोणताही चालेल. मी काही विचारणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि मला मान्य आहे. कलम ७ साक्षीदारांसमोर वाढवले असून त्याखाली वेगळी सही केली आहे.

लिहून देणार : (सही)

आम्हा दोघांदेखत त्यांनी सही केली आणि त्यांच्यादेखत आम्ही केली.

साक्षीदार : (सही) कोपऱ्यावरचे दुकानदार
साक्षीदार : (सही) औषधाच्या दुकानातल्या बाई

ठिकाण : राहते घर, पुढची खोली
दिनांक : सहा फेब्रुवारी, शुक्रवार