चेहऱ्याचा शॉट

३ नोव्हेंबर, सोमवार. रामाकोना

आले एकदाची! प्रवीणची बदली पांढुर्ण्याच्या नव्या जिल्हा कार्यालयात झाली, तेव्हा नागपूरच्या वर्तमानपत्रातली नोकरी सोडावी लागली म्हणून मी आठवडाभर तोंड फुगवून बसले होते. आणि आता रहस्यपटांचे बादशहा श्रीधर ठोसर यांचं चरित्र लिहायला मला बोलावणं! सर चौऱ्याऐंशी वर्षांचे. मुंबई सोडून इथे संत्र्याच्या बागेतल्या बंगल्यात एकटेच राहतात. आठवडाभर मी इथे राहायचं, शनिवारी प्रवीण मोटारसायकलवर न्यायला येणार. स्वयंपाकाला अंबाबाई आहेत. त्यांच्या हातचा झुणका खाऊन डोळे मिटायला लागलेत.

६ नोव्हेंबर, गुरुवार

सर सांगतात झकास. जन्म सौंसरचा. वडील कापसाच्या जिनिंग मिलमध्ये कारकून. एकोणिसाव्या वर्षी मुंबई, आधी पोस्टर रंगवणं, मग बावीस चित्रपट. कॅमेऱ्यातून कधीच पाहिलं नाही म्हणे. प्रत्येक शॉट आधी पोस्टकार्डावर पेन्सिलीने काढायचा, खाली शूटिंगची तारीख टाकायची. पुढची सगळी नुसती हमाली, असं म्हणून हसले.

त्यांची खरी ख्याती चेहऱ्यांची. पडणारा माणूस कोणीही दाखवेल, म्हणाले. तो पडणार हे ज्याला ठाऊक आहे, कॅमेरा त्याच्यावर हवा. मी शब्दन् शब्द उतरवून घेतला. सर बोलताना माझ्याकडे फार टक लावून पाहतात. म्हाताऱ्या कलावंतांची खोड, दुसरं काय!

१० नोव्हेंबर, सोमवार

शनिवार-रविवार घरी जाऊन आले. आज पोस्टकार्डांची पेटी लावायला घेतली. सरांची नायिका उर्मिला शूटिंगच्या वेळी सेटवरच्या जिन्यावरून पडून गेली, हे तर जगजाहीर आहे! पण तिच्या पडण्याचं चित्र पेटीत आहे. हात कसा, मान कशी, सगळं. खाली बारा मार्च. बातमीच्या कात्रणातही अपघाताची तारीख बारा मार्चच. त्या चित्रपटात मात्र जिन्यावरून पडण्याचा प्रसंगच नाही.

विचारावं की नाही, असं करत शेवटी विचारलंच. सर शांतपणे म्हणाले की ते कार्ड त्या सकाळी त्यांनी उर्मिलाच्या आईला दाखवलं होतं. उर्मिला जिन्यावर दिसताच आई खालून किंचाळली, उर्मिलाने वळून पाहिलं, पाय चुकला. मी बोटही लावलं नाही, म्हणाले. कॅमेरा आईवर होता. ज्या क्लोजअपला सगळ्या देशाने टाळ्या दिल्या, तो हाच.

जेवण गेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अंबाबाई ओट्याशी हळूच म्हणाल्या की बाई, साहेब इतक्या वर्षांनी पुन्हा चित्रं काढून राहिले, तुम्ही घरी चालल्या जा. त्या स्वतः मुलीकडे बोरगावला निघाल्या. का ते विचारेपर्यंत पिशवी उचलून फाटकाबाहेर. पुस्तक अर्धवट टाकून पळायचं का? मी हट्टी. शनिवारपर्यंत थांबते आणि मग कायमची सुटते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळ

चहानंतर सरांनी माझ्यापुढे एक कार्ड ठेवलं.

प्रवीण. त्याची मोटारसायकल, त्याचं चौकड्यांचं जाकीट. गावाअलीकडचं वळण. समोर संत्र्यांचा ट्रक. एक हात हँडलवर, दुसऱ्या हातात फोन, कानाला. खाली पंधरा नोव्हेंबर.

शेवटची बस गेलेली. प्रवीणला फोन करून सगळं सांगितलं. आधी हसला. मी रडतेय हे कळल्यावर शपथ घेतली — उद्या घराबाहेर पडणार नाही. सकाळच्या बसने मीच जाते. माझा नवरा घरी आहे. घरी आहे. त्याला काही होणार नाही.

१५ नोव्हेंबर. सकाळ, साडेआठ

दार बाहेरून बंद. खिडकीला गज. खूप हाका मारल्या. बाग मोठी, रस्ता लांब.

फोन उशाशी होता — नाही.

साडेनऊ

खिडकीबाहेर कॅमेऱ्याचा ट्रायपॉड उभा केलाय. कॅमेरा माझ्याकडे. सर पडवीत, माझ्या फोनवर बोलताहेत. किती मायेने! वैशालीला घेरी आली, बेटा, शुद्धीवर नाही, लगेच ये.

मी ओरडले. त्यांनी आधीच फोन ठेवला होता.

तो येणार. शपथ मोडून येणार, माझ्यासाठी. मीच रडून त्याला घाबरवून ठेवलं. मी त्याला काही सांगितलंच नसतं तर तो सावकाश आला असता, गाडी चालवताना फोन —

साडेदहा

तोंडावर चादर घेतली. चेहरा द्यायचा नाही त्यांना. सर गजांजवळ येऊन हळूच म्हणाले की घाई नाही, फोनमधून आवाज आला की चादर बाजूला करशीलच.

चादरीखाली लिहितेय. अक्षर —

एवढ्यात प्रवीणने सौंसर सोडलं असेल. वळण जवळ.

सर पुन्हा फोन लावताहेत. माझ्या फोनवरून. त्याला माझं नाव दिसेल. त्याला वाटेल मी शुद्धीवर —

रिंग जातेय. प्रवीण, नको. थांबव गाडी. आधी थांबव, मग —

त्याने उचलला. सर हॅलो म्हणाले. फोनमधून हॉर्न, ट्रकचा —