ईरी शब्दाचे कार्ड

६ जानेवारी
आज कर्वेनगरच्या कोशकार्यालयात रुजू झालो. बार्शीहून आलेल्या दहावी नापास मुलाला इंग्रजी-मराठी शब्दकोशाचे काम! माझे अक्षर पाहून संपादक सुनीतीबाई म्हणाल्या, अहो उत्तरेश्वर, पुण्यात पदव्या पुष्कळ आहेत, ऱ्हस्व-दीर्घ जाणणारा माणूस मिळत नाही. छाती फुगली.
काम असे: एका कार्डावर एक शब्द, त्याचा अर्थ, तीन उदाहरणे. उदाहरण स्वतः पाहिलेलेच हवे, रचलेले चालत नाही. अर्थ दुरुस्त करणाऱ्याने कार्डावर सही करायची. ज्याची सही, त्याचा शब्द.
मेज खिडकीशी आहे. खुर्ची गरम लागली. ऊन येत असावे.

९ जानेवारी
आज ‘ईरी’ (eerie) या इंग्रजी शब्दाचे कार्ड हाती आले. माझ्याआधी या मेजावर असलेल्या प्रज्ञेशने अर्थ लिहिलाय ‘भीतिदायक’. मला पटत नाही. साप भीतिदायक असतो, कारण तो दिसतो. ईरी म्हणजे काहीच दिसत नाही आणि तरी अंगावर काटा येतो.
खाली त्याचे एकच उदाहरण: ‘खोलीत कोणी नव्हते, पण खुर्ची गरम होती.’
ऊन दुपारी तीननंतर येते. आज पाहिले.

१३ जानेवारी
कार्डावर दुसरे उदाहरण आहे. गुरुवारी नव्हते. प्रज्ञेशचेच अक्षर.
‘नवा माणूस बसण्याआधी खुर्ची रुमालाने तीनदा पुसतो.’
मी पुसतो. तीनदाच. त्या वेळी खोलीत मी एकटा असतो.
सुनीतीबाईंना विचारले. म्हणाल्या, प्रज्ञेश दिवाळीतच गेला. न सांगता. चपलासुद्धा इथेच टाकून. मग म्हणाल्या, एक मात्र खरे, न पाहिलेले तो कधी लिहीत नसे.
वाटले, कार्ड आपल्या नावावर घ्यावे, म्हणजे दुसरे कोणी त्यावर लिहिणार नाही. अर्थ खोडला, माझा लिहिला, खाली सही केली.
खुर्ची लगेच गार पडली. बरे वाटले.

१४ जानेवारी
संक्रांत. चहावाल्या हेमाताईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला. मी हात पुढे केला होता. त्या पुढच्या मेजाकडे गेल्या.

१५ जानेवारी
आईला फोन केला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मग कोणाला तरी म्हणाली, कोणी बोलतच नाही गं. मी ओरडत होतो.

१७ जानेवारी
बार्शीच्या गाडीत बसलो होतो. एक बाई माझ्या जागेवर येऊन बसल्या. मी बसलेला असताना. त्या दचकून एवढेच म्हणाल्या, की सीट तापलीय.
नंतर काय झाले आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा समोर हेच मेज होते.

२७ जानेवारी
माझ्या जागी शेफाली नावाची मुलगी आली. हसतमुख आहे. बसली आणि म्हणाली, खुर्ची गरम कशी? सुनीतीबाई म्हणाल्या, आधीचा न सांगता गेला. बार्शीचा. चपला इथेच.

२८ जानेवारी
कार्डावर लिहिले, ‘सही करू नका.’ शाई विरली. पुन्हा लिहिले. विरली. पाहिलेलेच टिकते—
ही वही तिच्यापुढे उघडी धरली. तिने वहीवरच चहाचा कप ठेवला.

२९ जानेवारी
जे टिकेल ते लिहिले: ‘नवी मुलगी लाल पेनचे टोपण दातांनी उघडते.’
तिने वाचले. टोपण हातातच राहिले. हेमाताईंना विचारले, हे कोणी लिहिले? त्या म्हणाल्या, कोणी का लिहिले असेना, सही करून कार्ड स्वतःच्या नावावर करून टाक—

माझ्या सहीनंतर खुर्ची गार पडली होती. प्रज्ञेश कुठे गेला? तिने सही केली, की मी—

आता तिने माझा अर्थ खोडला. सावकाश, पट्टी लावून. मी तिचा हात धरलाय. डाव्या हाताने, घट्ट. तिला नुसते गरम लागले, तिने बाही वर सारली—
पेन टेकले. ‘शे’ झाले. आता ‘फा’—