तांदळात लिहिण्याआधीचं नाव

पुणे, रविवार

ती. आईला अर्पिताचा वाकून नमस्कार.

तुला जाई म्हणून शेवटची हाक कुणी मारली असेल? मला काही सांगता येत नाही. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'शामला' लिहिलं, तेव्हापासून तेरखेड्यात तू शामलाच. सास्तूरचा मामाही आक्का म्हणतो.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तुझा गुडघा कसा आहे?

फटाक्यांच्या कारखान्यातल्या तुम्हा बायकांवरच्या माझ्या गोष्टींचं पुस्तक निघालं. तू म्हणाली होतीस, "लिही की, पण मालकानं वळखलं तर माजं काम जाईल, बाई." तेच मनात घोळत होतं. पण खोटं नाव लावणं मला भित्रेपणाचं वाटायचं. मग सुचलं, खोटं कशाला? एक खरं नाव इतकी वर्षं नुसतं पडून आहे. माझं नाव तर पदवीच्या कागदावर छापून झालंय, घरातलं पहिलंच.

काल प्रकाशनाला 'जाई सास्तूरकर' असं पुकारलं आणि मी ताठ मानेनं उठले. टाळ्या लई वाजल्या, आई.

पहिली प्रत आजच मामाला पाठवली. तो तुला आणून देईल. देताना आक्का म्हणायचं नाही, असं त्याला बजावून ठेवलंय.

तुझ्याच नावाची,
अर्पिता