वेशीची मोकळीक

॥ श्री नागोबा प्रसन्न ॥
भेंडवाडी, ता. पाथर्डी
२९ जून २०२५

चि. पंकजा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही इकडे सुखरूप आहोत, तुम्हा सर्वांचं कुशल कळत राहावं.

सतरा तारखेच्या सकाळी मी जे केलं ते आज लिहितो. इतके दिवस हात धजत नव्हता. नागोबाच्या थानावर देवाचा दगड धुऊन मी हळद वाहत होतो, तेवढ्यात शेजारच्या कडूबाईला तिच्या सुनेने धरून आणलं. गंजीतून वैरणीची पेंढी ओढताना पायाला साप चावला होता. रीतीप्रमाणे मी तिला ओट्यावर बसवलं, कडुलिंबाचा पाला चावायला दिला आणि कसा लागतो विचारलं. ती म्हणाली, लई कडू. मग काय, मी सांगून टाकलं की विष चढलेलं नाही. अंगारा लावला आणि सात फेऱ्या घालायला उभं केलं. सत्तरीची बाई, सुजत चाललेल्या पायाने देवाभोवती फिरली.

पाचव्या फेरीला तिच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. सून रडायला लागली. जीप दारात उभी होती. पण तुला ठाऊक आहे, साप चावलेल्या माणसाला थानावरच्या पुजाऱ्याने मोकळीक दिल्याशिवाय आपल्या गावात कोणी वेशीबाहेर नेत नाही. जा, देवानं तुला मोकळं केलं, एवढेच ते शब्द. पण सात फेऱ्या पुऱ्या झाल्याशिवाय ते बोलायचे नाहीत, असं मला अण्णांनी शिकवलं आणि अण्णांना आजोबांनी. पंकजा, ती थुंकीत रक्त टाकत होती आणि मी उरलेल्या दोन फेऱ्या मोजत होतो.

घाबरू नकोस, कडूबाई वाचली. तालुक्याहून तिला नगरला नेलं, घोणस होती म्हणाले. चार दिवसांपूर्वी ती घरी आली. डॉक्टरांनी सुनेला सांगितलं, की अजून अर्धा तास उशीर झाला असता तर आशा नव्हती. आणि ही म्हातारी घरी जायच्या आधी नारळ घेऊन थानावर आली, माझ्या पाया पडायला वाकली, म्हणाली, तुझ्या हातानं देवानं मला राखलं. मी नारळ घेतला. तेव्हापासून पूजेला बसतो, पण मन देवाकडे लागत नाही.

तू शाळेत पोरांना सापांचं शिकवतेस. मला खरं ते सांग. विष अंगात असून पाला कडू का लागला? फोनवर विचारणार होतो, पण तुला ठाऊक आहे, फोनवर माझ्या तोंडून बरं हाय याच्यापुढे शब्द फुटत नाही. शिवाय तुझ्या डोंगरात रेंज कधी असते, कधी नसते.

वहिनीने लसणाची चटणी बाजूला काढून ठेवली आहे. माया करतेसच, या वेळी जरा रागावलीस तरी चालेल.

तुझा दादा,
गोरक्ष

आंबेदरा, ता. अकोले
६ जुलै २०२५

ती. स्व. दादा यांस,
कृ. सा. न. वि. वि. पत्र पोहोचलं. आधी कडूमावशी वाचली ते दोनदा वाचून घेतलं, मग बाकीचं वाचलं.

पाला कडू लागला, कारण तो कडूच असतो. विषाने जीभ बदलत नाही दादा. आपल्याकडे आणलेली माणसं बरी होऊन गेली, त्यातली बरीचशी धामण नाहीतर दिवड चावलेली असणार, त्यांना विषच नसतं. कधी विषारी साप चावतो पण विष सोडत नाही. आजोबांपासून आपल्या घराण्याने जे नाव कमावलं त्यातलं निम्मं त्या बिचाऱ्या धामणींचं आहे. रागावू नको, पण खरं सांग म्हणालास म्हणून सांगते. आणि जे बरे झाले नाहीत, ते नशिबाने गेले असं आपण म्हणत आलो.

साप चावलेल्याला चालवायचं तर मुळीच नाही. बसवायचं, चावलेला हात किंवा पाय हलू द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही आणि गाडीत घालून थेट दवाखाना गाठायचा. हे माझ्या तिसरीतल्या पोरांना पाठ आहे. तशी आमची आदिवासी पोरं माझ्यापेक्षा हुशार. पहिल्या वर्षी मी फळ्यावर दिवडीचं चित्र काढलं, तर एक पोरगी म्हणाली, बाई, ही दिवड न्हाई, हा तुमच्या पिशवीचा पट्टा हाय. तेव्हापासून मी छापील चित्रं वापरते.

यंदा पंचमीला येते आहे. आदल्या दिवशी सोमवार आहे, भावाचा उपवास आहे आणि शाळाही आहे. तुमच्या शाळेच्या मोठ्या बाईंशी बोलून ठेवलंय, दोन तास मुलांना सापांची माहिती देईन. तू मागच्या बाकावर येऊन बसायचं. दिवसभर उपाशी राहून तुझ्यासाठी आयुष्य मागणार आहे, तेवढं तरी माझं ऐक.

वहिनींना नमस्कार. चटणी जास्त करायला सांग. आशीर्वाद मागते, आणि उत्तर लवकर.

तुझी,
पंकजा

भेंडवाडी
३ ऑगस्ट २०२५

चि. पंकजा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तू सुखरूप पोहोचल्याचं कळलं. पिशवी विसरून गेलीस, ती एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरजवळ देईन.

सोमवारी वर्गातून मी मधेच उठून गेलो, त्याबद्दल तू एक शब्दही विचारला नाहीस. म्हणून मीच लिहितो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांची चित्रं तू दाखवलीस, साप डूख धरत नाही, त्याला दूध पचत नाही, हे सांगितलंस, तिथवर मला चांगलं वाटत होतं. कात हातात घ्यायला पोरांची जी रेटारेटी झाली, ती बघून मोठ्या बाईही हसल्या. मग तू पिशवीतून कडुलिंबाचा पाला काढलास आणि प्रत्येकाला एकेक पान चावायला दिलंस. सगळा वर्ग थू थू करायला लागला. कुणाकुणाला कडू लागलं, हात वर करा म्हणालीस. सगळे हात वर. मग आज सकाळपासून कुणाकुणाला साप चावलाय विचारलंस. पोरं हसली. एक हसली नाही, आपल्या वाल्मिकची राजेश्वरी. ती उभी राहून म्हणाली, मंग गोरक्षआबांनी कडूआजीला फेऱ्या कशाला घालाया लावल्या? चौथीतली पोर. तिने वळून माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ तुला विचारलं. त्याचं उत्तर मीच द्यायला हवं होतं. मी चपला घातल्या आणि निघून आलो.

संध्याकाळी सूर्यभानकाका घरी आले. राजेश्वरीने घरी आजोबांना सगळं सांगितलं होतं. काका म्हणाले, की बाई शिकली म्हंजे देवापरीस मोठी झाली व्हय? पाच पिढ्यांची रीत हाय, तुझा बाप वरून बघतोय, थान बंद केलंस तर त्याला तोंड कसं दाखवशील? मी म्हणालो, थान बंद करायचं कोणी म्हणत नाही. ते म्हणाले, मोकळीक देनं सोडलंस म्हंजे बंदच की रं ते.

काकांच्या याच शब्दावर माझं मन अडून बसलं. मोकळीक देणं मला सोडायचंच नाही. ती देण्याचा मान आपल्या घराण्याला आहे, तर मग ती एकेकाला, फेऱ्या मोजून, माणूस मरायला टेकल्यावरच का द्यायची? सगळ्या गावाला एकदाच, आधीच, कायमची देऊन टाकली तर? मग कोणाला थानावर थांबायचं कारणच उरणार नाही. देवाचा शब्दही मोडणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दगड धुताना हे सुचलं, आणि मला वाटतं ते देवानेच सुचवलं.

पण पंचमीला सगळा गाव थानावर होता, तूही होतीस, लाह्या वाहून झाल्या, आरती झाली. काका पुढेच बसले होते. त्यांच्यासमोर ते सांगायचं धाडस झालं नाही. मी प्रसाद वाटला आणि घरी आलो.

मी भित्रा आहे पंकजा, पण तुझा भाऊ आहे. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा दादा,
गोरक्ष

आंबेदरा
१३ ऑगस्ट २०२५

ती. स्व. दादा यांस,
कृ. सा. न. वि. वि. राखी वेळेत पोहोचली ना? इथे भात लावून संपला आणि वर्ग पुन्हा भरू लागला.

पाल्याचा प्रयोग तुझ्यासमोर करायला नको होता. मला पोरांना शिकवायचं होतं, की तुला ऐकवायचं होतं, हे माझं मलाच नीट सांगता येत नाही. चूक झाली.

देव सोडायला मी तुला कधी सांगणार नाही. तुझ्याइतकं मन लावून पूजा करणारा माणूस मी पाहिला नाही. तुझ्या डोक्यात जे आलंय ते मला शंभर वर्षं सुचलं नसतं. फक्त चांगला दिवस बघत बसू नकोस. साप पंचांग बघून चावत नाही.

कडूमावशीशी एकदा बोल. बाकी काकांची भीती मलाही वाटते, लहानपणापासून. त्यांच्या मिशांना बघूनच मी पाढे पाठ केले.

पत्राची वाट बघते, रोज पोस्टमनला छळते.

तुझी,
पंकजा

भेंडवाडी
१४ सप्टेंबर २०२५

चि. पंकजा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. आधी आनंदाचं सांगतो. वाल्मिक काल घरी आला, ठणठणीत आहे, दोन वेळा जेवतो आहे.

मंगळवारी दुपारी बाजरी सोंगताना बांधाच्या दगडाखालून फुरसं निघालं, बोटाला चावलं. राजेश्वरी शाळेतून सुटून शेतात गेली होती. तिने बापाला जागचं हलू दिलं नाही. हातातलं कडं आणि अंगठी काढून घेतली, फळीवर हात ठेवून ओढणीने सैल बांधला. बाप आवळून बांध म्हणत होता, तर त्यालाच ओरडली, की पंकजाबाईंनी न्हाई म्हनून सांगितलंय. डॉक्टर म्हणाले, सूज आल्यावर अंगठी रुतून बोट गेलं असतं.

पण टेम्पो दवाखान्याकडे न जाता थानावर आला. पुढे ड्रायव्हरशेजारी काका होते. खाली उतरून त्यांनीच मागची फळी पाडली आणि मला म्हणाले, पाला आन. मी हललो नाही. काका माझ्यापुढे उभे, मिशा थरथरत होत्या. म्हणाले, पोरगं माझं हाय गोरक्षा, रीत मोडू नगं, माझा जीव लागना. मग मला दिसलं, की काका रागावलेले नाहीत, माझ्यापेक्षा जास्त भ्यालेले आहेत. मी चाकावर पाय देऊन टेम्पोत चढलो, वाल्मिकच्या डोक्यावर हात ठेवला आणि एकही फेरी न घालता बोललो, जा, देवानं तुला मोकळं केलं. काकांना हात देऊन वर ओढलं, ड्रायव्हरला चल म्हटलं. वेस कधी गेली कळलं नाही. पाऊण तासात सलाईन लागलं, इंजेक्शन सुरू झालं. काका दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. मी चहा आणून दिला, तो त्यांनी घेतला.

परत आल्यावर कडूबाईकडे गेलो. त्या सकाळी मी चुकलो, हे सांगायला जवळजवळ तीन महिने लागले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, लेकरा, रगत माझ्या तोंडात हुतं, मला कळत न्हवतं व्हय? पन तू मोकळीक दिल्याबिगर सून मला हलवीत न्हवती, म्हनून मी बिगीबिगी फिरत हुते. मला रडू आलं. तिने निवडलेल्यातले ओंजळभर तांदूळ माझ्या उपरण्यात घातले, घरी खीर कर म्हणाली.

आज रविवार. काल दवंडीसारखं घरोघरी सांगून आलो होतो, त्यामुळे सकाळी थानावर माणूस मावेना. मोठ्या बाई पोरांना घेऊन आल्या होत्या. काकाही होते, मागे खांबाला टेकून. आरती झाल्यावर मी देवाकडे पाठ केली नाही, बाजूला उभा राहिलो. म्हणालो, की या गावात आज असलेल्या आणि पुढे जन्माला येणाऱ्या सगळ्यांना देवाची मोकळीक आहे. साप चावला तर थानावर थांबायचं नाही, फेऱ्या नाहीत, पाला नाही, गाडी सरळ वेशीबाहेर काढायची. जा, देवानं तुम्हाला मोकळं केलं.

मग मागून काकांचा आवाज आला, की मागं ऐकू न्हाई आलं, मोठ्यानं बोल.

मी पुन्हा बोललो, मोठ्याने.

तुझा दादा,
गोरक्ष