दुसऱ्या रविवारचं नाटक

इंदिरानगर, गुरुवार, संध्याकाळ

नाटकाची तिसरी घंटा. तीस वर्षांपूर्वीची, आज पुन्हा कानात घुमली. सरकारी वाहिनीवर पुढच्या महिन्याचे कार्यक्रम सांगत होते: दर रविवारी एक जुनं नाटक, मग पडद्यामागच्या माणसांवर माहितीपट. निवेदिका नावं अशी सावकाश वाचत होती, जशा आमच्या बाई वर्गात कविता म्हणायच्या. आरडाओरडा नाही, घाई नाही. असं अजून कोणी करतं याचंच अप्रूप वाटलं.

दुसऱ्या रविवारी आमच्या पंचवटीच्या हौशी मंडळाचं नाटक. चित्रण इतकी वर्षं जपलं त्यांनी. म्हणजे वसंता आणि मी पुन्हा एका रंगमंचावर. त्याच प्रयोगानंतर "माझी वाक्यं खाल्लीस" म्हणून मी त्याच्याशी बोलणं सोडलं. खरंच त्याने खाल्ली, की मीच विसरलो होतो? आता दिसेलच. त्याआधी फोन करावा का?

एवढं लिहिलं आणि दारावरची बेल वाजली. एकदा, दोनदा. तिसऱ्या घंटेला उठलो. दारात वसंता, काठी टेकून.

"पेपरात वाचलं. आमच्या टीव्हीवर ते चॅनल लागत नाही. त्या रविवारी तुझ्याकडे येऊ?"

"वाक्यं कोणी खाल्ली ते दिसेल हं."

"मला माहितीये कोणी खाल्ली. म्हणून तर तुझ्या शेजारी बसून बघायचंय."