मोरीजवळचा सांधा

सेलू,
मार्गशीर्ष शुद्ध ३, शके १८६३

तीर्थरूप माधवदादांच्या चरणी उद्धवचा नमस्कार.

इकडे सगळे बरे. थंडी पडलीय, कापसाच्या गाड्यांनी बाजार भरलाय. माझ्या गँगमधली पाच माणसं अजून हिवतापानं पडून आहेत, त्यामुळे उरलेल्यांबरोबर मीही रुळावर पहार मारतो. संध्याकाळी हात वर होत नाही. म्हणून पत्राला उशीर झाला, असं लिहिणार होतो. ते खरं नाही.

आईची तबियत ठीक आहे. डाव्या डोळ्यानं दिसतं तेवढं दिसतं. उजवा गेला तो गेलाच. रोज विचारायची, "विमल का येत न्हाई?" मी म्हणायचो, माहेरी काम निघालंय. तुम्ही वहिनींना राणीसावरगावला पाठवून दिलंत, हे तिला सांगायचं धाडस मला कालपर्यंत झालं नाही.

दादा, आमची छोटी गाडी एवढी का आदळते, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आता सांगतो. आपली जमीन काळी. पावसाळ्यात रुळाखालची खडी चिखलात रुतते आणि दोन रूळ जिथं जोडलेत तो सांधा खाली बसतो. मालगाडी जड, ती त्याला आणखी दाबून निघून जाते. ही एका डब्याची गाडी हलकी, चाकं जवळजवळ. बसलेल्या सांध्यावर ती उडते आणि आपटते. खडी नीट ठोकून भरली तर असं होत नाही. ते काम मुकादमाचं, म्हणजे माझं.

मानवत रोडच्या पुढं, ओढ्याचं पाणी रुळाखालून जातं त्या मोरीजवळ असा एक सांधा होता. माझा जुना गँगमन लिंबाजी दसऱ्याआधीच म्हणाला होता, "मुकादम, मोरीपाशी रूळ बसायलाय. गाडी लय उडायलीय."

"माणसं कुठायत? दिवाळीनंतर बघू," मी म्हणालो. आणि तपासणीच्या वहीत लिहिलं, रस्ता दुरुस्त, म्हणजे रूळ ठीक.

आईच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले तेव्हा मी तिला न्यायला परभणीला तुमच्याकडं आलो. तुम्ही कचेरीत होतात. वहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या. "भाऊजी, डॉक्टरांनी पंधरा दिवस हलवू नका म्हणून सांगितलंय."

माझी रजा त्या दिवशी संपत होती. मी म्हणालो, "वहिनी, तो रूळ माझ्या हाताखालचा आहे. पोटातलं पाणी हलणार नाही." त्यांनी पट्टी पुन्हा तपासली, घट्ट बांधली, डोक्यामागं उशी दिली.

मोरी आली तेव्हा मला आठवलं, पण उशीर झाला होता. गाडी आदळली आणि आईचं डोकं खिडकीच्या लाकडावर आपटलं. ती ओरडली नाही. नुसता माझा हात धरला. सेलूला उतरेपर्यंत पट्टी ओली झाली होती.

तुम्हाला मी सांगितलं, पट्टी घरूनच सैल होती. वहिनी म्हणाल्या, "मी घट्टच बांधली होती." तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी मान खाली घातली, आणि तुम्ही माझं खरं धरून त्यांना माहेरी धाडलंत.

काल आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आधी तिला घरी आण. मग माझ्यासंगं बोल."

वहीतली ती ओळ खोटी होती, असं खाली सही करून लिहिलंय. सोमवारी साहेबांचा मुआयना आहे, ते वही तपासतील. मुकादमी राहील की जाईल, त्याचा विचार करायचं त्राण आता उरलं नाही.

गुरुवारी राणीसावरगावला जातोय. वहिनींच्या वडिलांपुढं, चार माणसांत, झालं तसं सांगेन. तुम्ही गंगाखेड स्टेशनावर आलात तर बरोबर जाऊ. न आलात तरी मी जाणार. पण माझ्यासोबत ते त्यांना धाडणार नाहीत, आणि धाडूही नये. न्यायला तुम्हीच लागाल.

वहिनींचं खरं बोलणं खोटं पाडणारा,
उद्धव